घरच्या गॅरेजमध्ये फोर्ड मॉडेल ए ची हॉट रॉड: चासीपासून पहिल्या फेरीपर्यंत

हॉट रॉड ही दक्षिण कॅलिफोर्नियाची उपज. जुनी, हलकी फोर्ड घ्यायची, मडगार्ड-बंपर उतरवायचे, इंजिन तगडं बसवायचं आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तलावाच्या सपाट पात्रात ती पळवून बघायची, हा तिथल्या पोरांचा १९३० च्या दशकातला उद्योग. १९३७ मध्ये अशा क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. आज अमेरिकेत या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा विकत मिळतो, त्यामुळे दोन गाड्या मावतील एवढ्या गॅरेजमध्ये, एका मिग वेल्डरच्या जोरावर ती उभी करता येते.

इथे घेतलेली जोडणी चांगली रुळलेली आहे. १९२८ ते १९३१ मधली मॉडेल ए रोडस्टर (बिनछताची गाडी), तिचीच चासी मजबूत केलेली, पुढे चार इंच ड्रॉपचा सरळ ॲक्सल, शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-८, टर्बो-हायड्रॅमॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे फोर्डचा ८ इंची ॲक्सल. फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ दिसायला देखणं, पण त्याचे जुने ब्लॉक व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधे तडकलेले निघतात आणि एग्झॉस्ट ब्लॉकमधूनच जात असल्याने ते तापतंही लवकर. पहिल्या गाडीला ते घेऊ नये.

अर्धवट सोडून विकायला काढलेल्या गाड्या पाहिल्या तर बऱ्याच जणींचं दुखणं सारखं असतं. इंजिनाचे माउंट कायमचे वेल्ड करून झाले आणि मग स्टिअरिंगचा दांडा जायला जागाच उरली नाही. किंवा चासीला चकचकीत रंग दिला आणि मग ब्रेकच्या पेडलसाठी तीच कापावी लागली. म्हणून पुढच्या सगळ्या कामाला एकच शिस्त आहे: अख्खी गाडी कच्च्या टाक्यांवर (वेल्डिंगच्या सुट्या ठिपक्यांवर) उभी करायची, चाकं, इंजिन, बॉडी, रेडिएटर, सीट, पेडल सगळं जागेवर बसलेलं डोळ्यांनी पाहायचं, आणि त्यानंतरच पक्कं वेल्डिंग. रंग तर गाडी चालवून झाल्यावर.

कागद आधी

मॉडेल ए चा इंजिन नंबर कारखान्यात ब्लॉकवर ठोकला जाई आणि तोच नंबर चासीच्या डाव्या दांड्यावर, वरच्या अंगाला, बॉडी जिथे सुरू होते त्या भागात ठोकला जाई. बॉडी उतरवल्याशिवाय तो सहसा नीट दिसत नाही. चासी घेताना तारेच्या ब्रशने गंज हलकेच झाडा, टॉर्च आडवा धरा आणि नंबर टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी जुळवा. ग्राइंडर तिथे फिरवायचा नाही. नंबर पुसला गेला की गाडी कायद्याच्या दृष्टीने अनाथ होते. विनाकागद चासी स्वस्त मिळते, पण नोंदणीचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत आणि ती स्वस्ताई तिथे वसूल होते. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षाला फक्त ५०० गाड्यांना एसबी १०० या कायद्याखाली उत्सर्जनाच्या नियमांतून सवलत मिळते.

भारतात हे काम करायचं मनात असेल तर आधी हे लक्षात घ्या: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवलं. २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियमही मूळ स्वरूपात जपलेल्या, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत. हॉट रॉड त्यात बसत नाही.

हत्यारं आणि फरशी

मिग वेल्डर २४० व्होल्टचा, साधारण २०० अँपिअरचा घ्या. चासीसाठी ०.०३० इंची ईआर७०एस-६ वायर, बॉडीच्या पत्र्यासाठी ०.०२३ इंची. गॅस ७५ टक्के आर्गन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स वायर पत्र्यावर वापरू नका, ती पत्रा जाळते. साडेचार इंची ग्राइंडर दोन ठेवा, एकाला कापायची चकती, दुसऱ्याला घासायची, म्हणजे चकती बदलण्याच्या कंटाळ्याने चुकीची वापरली जात नाही. याखेरीज इंजिन उचलायचा होइस्ट, सहा भक्कम जॅक स्टँड, डिजिटल अँगल मीटर, ओळंबा, गुण्या, बारीक दोरा आणि टॉर्क रेंच.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या कामात ॲसिटोन वापरा, तेही पूर्ण उडून जाऊ द्या. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेला भाग घासून उघडा केल्याशिवाय वेल्ड करू नका.

गॅरेजची फरशी सपाट असेल असं गृहीत धरू नका. पाणी जावं म्हणून ती दाराकडे उतरती केलेली असते. चार स्टँडवर लोखंडी चौकोनी नळ्यांची चौकट करा, खाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून ती चारही कोपऱ्यांत लेव्हलला आणा आणि स्टँड जमिनीला बोल्टने धरा. पुढची सगळी मापं या चौकटीवरून निघणार आहेत.

चासी

मॉडेल ए चे दांडे आतल्या बाजूने उघडे, सी आकाराचे असतात. ते मूळच्या ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी होते. ३५० इंजिनाच्या पिळाला टिकायचं तर आतली उघडी बाजू पट्ट्या मारून बंद करावी लागते. १० गेजचा, म्हणजे साधारण ३.४ मिमीचा पत्रा पुरतो. नव्वद-पंचाण्णव वर्षांच्या दांड्यांना तडे असतातच. रिव्हेटच्या भोकांभोवती आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर रंग-गंज काढून बघा. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, मग तडा व्ही आकारात घासून भरा. भोक न पाडता भरलेला तडा पुढे सरकतो.

पट्ट्या बसवण्याआधी आतून ब्रेकची नळी आणि वायरिंग धरायचे नट वेल्ड करून घ्या, बॉडीच्या बोल्टांच्या जागाही आताच. दांडा बंद झाल्यावर आत हात जात नाही.

आता वेल्डिंग. धातू थंड होताना आकसतो आणि सगळी शिवण आतल्या बाजूला असल्यामुळे दोन्ही दांडे आतल्या अंगाला वाकू पाहतात. त्यावर उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. दोन दांड्यांमध्ये तीन-चार ठिकाणी चौकोनी नळीचे तात्पुरते आडवे टेकू वेल्ड करा. दर दोन इंचांवर टाके घाला. मग एकावेळी एक ते दीड इंचच शिवण मारा आणि उडी घ्या: डावीकडे पुढे, उजवीकडे मागे, डावीकडे मध्ये. हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत त्या भागाकडे परत जाऊ नका. पाणी ओतून थंड करणं सपशेल चूक; त्याने वेल्डच्या कडेचा धातू ठिसूळ होण्याची भीती असते. दर थोड्या वेळाने कर्ण मोजा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, या दोन मापांत १/१६ इंचापेक्षा, म्हणजे दीड मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर थांबा आणि टेकू बदला.

गाडी किती खाली, किती पुढे झुकलेली

हॉट रॉडचं रूप बॉडीच्या आधी तिच्या उभं राहण्यात असतं. पुढे बारीक चाकं, मागे मोठी, नाक किंचित खाली. हे ठरवायला खरी चाकं आणि खरे टायर लागतात, कागदावरच्या मापांवर भागत नाही. पुढे १६५आर१५ आणि मागे २३५/७५आर१५ ही जोडी चांगली दिसते. मागच्याचा व्यास साधारण २८.९ इंच येतो. टायर फरशीवर ठेवा, चासी त्यांच्यामध्ये स्टँडवर हवी त्या उंचीला आणि २ ते ३ अंश पुढे झुकती बसवा, बॉडी नुसती वर ठेवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. मॉडेल ए चा मूळ व्हीलबेस १०३.५ इंच आहे. मागचा ॲक्सल मडगार्डविना गाडीत चाकाच्या गोलाईच्या मधोमध दिसला पाहिजे. अर्धा इंच मागे-पुढे झाला तरी डोळ्याला खटकतो.

इथेच घसरेषा तपासा. एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपासून समोरच्या टायरच्या जमिनीवर टेकलेल्या भागापर्यंत दोरा ताणा, मग उलट बाजूने. चासी, स्टिअरिंगचे रॉड, ऑइल पॅन, यातलं काहीही दोऱ्याच्या खाली येता कामा नये. टायर फुटून गाडी रिमवर बसली की दोऱ्याखालचा भाग रस्त्यात रुततो, आणि तो भाग टाय रॉड असेल तर स्टिअरिंग हातातून गेलं.

ही उंची एकदा ठरली की ती मार्करने भिंतीवर आणि चौकटीवर लिहून ठेवा. कॅस्टर, पिनियनचा (ड्राइव्हशाफ्ट मागच्या ॲक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन, कार्ब्युरेटरची बैठक, सगळं याच स्थितीत मोजायचं आहे.

पुढचा ॲक्सल: इथे घाई नको

मॉडेल ए ची पुढची आडवी पाट्यांची स्प्रिंग ॲक्सलच्या बरोब्बर वर बसते. चार इंच ड्रॉपचा ॲक्सल गाडी तेवढीच खाली आणतो आणि स्प्रिंगचे डोळे उलटे केलेला मुख्य पाटा आणखी थोडी. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांचे शॅकल (स्प्रिंग ॲक्सलला जोडणाऱ्या हलत्या कड्या) गाडीच्या पूर्ण वजनाखाली साधारण ४५ अंशांत असावेत. ते आडवे झाले तर पाटा आखूड पडतोय आणि स्प्रिंग जखडल्यासारखी कडक चालते. जवळजवळ उभे राहिले तर पाटा लांब आहे आणि गाडी कडेला डोलते. रिकाम्या चासीवर हे बघून उपयोग नाही. पाटे कमी-जास्त करणं इंजिन बसल्यावरच.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं त्या पिनेचा) मागे झुकाव. सरळ ॲक्सलला ५ ते ७ अंश ठेवा. आता गफलत कुठे होते ते पाहा: चासी स्टँडवर सपाट असताना कुणी ६ अंश लावतो, मग गाडी चाकांवर ३ अंश नाकाकडे झुकते, आणि रस्त्यावर उरतात फक्त ३. ती गाडी ताशी ८० किलोमीटरला भरकटते. म्हणून ॲक्सल चासीला धरणाऱ्या हेअरपिन किंवा फोर-बार दांड्यांचे कंस नुसते टाक्यांवर ठेवून, ठरलेल्या उंचीला आणि झुकावाला कॅस्टर मोजा. दोन्ही बाजूंच्या मापात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा जितक्या जवळ, १/१६ ते १/८ इंच.

स्टिअरिंगला व्हेगा पद्धतीचा बॉक्स डाव्या दांड्यावर लागतो. त्याचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात) डावी-उजवीकडे हलतो आणि ड्रॅग लिंक (चाक वळवणारा दांडा) समोरच्या, म्हणजे उजव्या चाकाकडे जाते. आडव्या स्प्रिंगवर ॲक्सल शॅकलमधून बाजूला सरकू शकतो. स्टिअरिंग वळवलं की चाक वळण्याऐवजी आधी गाडीच बाजूला ढकलली जाते. त्यासाठी पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सल चासीला आडवा बांधणारा दांडा, हवाच. तो ड्रॅग लिंकला समांतर आणि होता होईल तेवढा तिच्याच लांबीचा ठेवा. लांबी किंवा उतार वेगळा पडला तर खड्ड्यात ॲक्सल वर गेल्यावर चाकं आपोआप वळतात. हे टाक्यांवर असतानाच तपासता येतं: स्प्रिंग काढा, स्टिअरिंग बांधून ठेवा, जॅकने ॲक्सल दोन इंच वर-खाली करा आणि चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेची मापं घ्या. माप बदललं तर रॉडचा कंस हलवा.

स्टिअरिंगच्या शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट दोनच असतील तर उत्तम. तिसरा लागला तर मधल्या तुकड्याला आधाराचं बेअरिंग सक्तीचं, नाहीतर शाफ्ट फिरण्याऐवजी झोके घेतो.

मागचा ॲक्सल आणि पिनियन

फोर्डच्या मॅव्हरिकखालचा ८ इंची ॲक्सल ५६.५ इंच रुंद असतो आणि मॉडेल ए ला बहुधा न कापता चालतो. गिअरचं गुणोत्तर निवडताना गणित करा: इंजिनाचे आरपीएम म्हणजे ताशी मैल × गुणोत्तर × ३३६ भागिले टायरचा इंचांतला व्यास. ताशी ६० मैलांना २८.९ इंची टायरवर ३.५५ चं गुणोत्तर सुमारे २४७५ आरपीएम देतं, ३.०० चं सुमारे २०९०. या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही, तिसरा गिअर थेट १ ला १ आहे, म्हणून हायवेवर चालवायची गाडी ३.०० वर सुखी राहते.

कॉइलओव्हर शॉक (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) तिरके बसवताना त्यांचा जोर कमी होतो हे धरून चला: १५ अंशांवर साधारण ९३ टक्के उरतो, ३० अंशांवर ७५ टक्के. वजनाखाली शॉकचा सुमारे ६० टक्के प्रवास दबण्यासाठी आणि ४० टक्के सुटण्यासाठी शिल्लक असावा.

इंजिन-गिअरबॉक्सची मध्यरेषा मागे ३ अंश उतरती असेल तर पिनियन ३ अंश वर. दोन्ही रेषा समांतर राहिल्या पाहिजेत. एकमेकींच्या सरळ रेषेत नव्हे. जॉइंटला १ ते ३ अंशांचा कामाचा कोन हवा. शून्य कोनात जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी ठोकत राहतात आणि खाचा पाडतात. समांतरपणा बिघडला की ठराविक वेगाला, बहुतेक ६०-७० किलोमीटरपासून, सीटखाली थरथर येते आणि लोक महिनोन्महिने चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. ड्राइव्हशाफ्ट मापून करून घ्यायचा तर स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, आणि ते माप द्या.

इंजिन

३५० इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो, नेमका फायरवॉलच्या तोंडाशी. म्हणून जागेची मोजणी पुढून सुरू करा: रेडिएटर त्याच्या शेलसकट जागेवर, फॅन आणि रेडिएटरमध्ये एक इंच, मग आखूड वॉटर पंप, मग इंजिन. उरलेली अडचण फायरवॉलला खोलगट कोनाडा करून सोडवायची. किती खोल, ते डिस्ट्रिब्युटरची टोपी उचलून बाहेर काढता आली पाहिजे यावरून ठरवा, नुसती टेकत नाही यावरून नव्हे. रिकामा ब्लॉक, हेड आणि रिकामी गिअरबॉक्सची केसिंग एवढ्यावर मॉक-अप (नुसती मांडणी) केला की एकट्यालाही हलवता येतं. पण एग्झॉस्टचे हेडर याच वेळी लावून बघा. स्टिअरिंगचा बॉक्स आणि हेडर यांच्यात २५ मिमी तरी मोकळे हवेत.

जुनं इंजिन घेताना एक बारकावा: १९८५ पर्यंतच्या ३५० ला मागचं सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध. दोघांचे फ्लेक्सप्लेट (क्रँकला जोडलेली दातेरी चकती) वेगळे, अदलाबदल केली तर इंजिन थरथरतं. १५३ दात्यांचा फ्लेक्सप्लेट व्यासाने लहान, अरुंद चासीत सोयीचा. त्याच्या स्टार्टरचे बोल्ट सरळ रेषेत असतात, १६८ दात्यांच्या स्टार्टरचे तिरके.

गिअरबॉक्स जोडताना टॉर्क कन्व्हर्टर फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने 'ठक' असा आत बसतो. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं तोंड) हाताने ब्लॉकला भिडलं पाहिजे. फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवली तर गिअरबॉक्सचा पुढचा पंप फुटलाच समजा. भिडल्यावर कन्व्हर्टर १/८ ते ३/१६ इंच पुढे येऊन फ्लेक्सप्लेटला टेकला की बरोबर.

बॉडी

रोडस्टरला छत नाही, त्यामुळे दारं कापलेल्या खोक्यासारखी ती लगेच पसरते. गंजलेला खालचा भाग कापण्याआधी दारं बंद करून, फटी सारख्या करून, आतून एक इंची चौकोनी नळीचे टेकू बांधा: दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, आणि आडवेही. आधी कापलं आणि मग टेकू दिला तर दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी म्हणजेच तिचा काउल (डॅशबोर्डपुढचा बॉडीचा भाग), बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर. टाकी मागे डिकीत किंवा सीटमागे न्यावी, आणि जुन्या टाकीचं फक्त कवच ठेवावं. ती कापणं हे या सगळ्या कामातलं सर्वात जिवावरचं. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीही वाफ धरून असते. घरी ग्राइंडर लावू नका. रेडिएटर-टाक्या धुणाऱ्या दुकानातून ती उकळत्या पाण्यात धुऊन आणा आणि मगच हात घाला.

पत्र्याला १८ किंवा १९ गेजचे तुकडे लावा, कडेला कड, एकावर एक नाही; चढवलेल्या सांध्यात पाणी साचून तो आतून कुजतो. दर इंचाला एक टाका, मग मधल्या जागी टाका, असं करत शिवण भरा. प्रत्येक टाका गरम असतानाच डॉलीवर (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) हातोडीने चपटा केला तर आकसलेला पत्रा परत ताणला जातो. हे न करता सरळ शिवण मारली की पॅनेलला जी लाट येते ती पुट्टीने झाकायला जाड थर लागतो, आणि ३ मिमीच्या वरची पुट्टी उन्हात तडकते.

ब्रेक

मास्टर सिलिंडर दुहेरी हवा, पुढचं-मागचं वेगळं. सर्वोचं साहाय्य नसताना पेडलचं प्रमाण ६ ला १ ठेवा: पिव्हटपासून पाऊल टेकतं तिथवर १२ इंच, तर पुशरॉडपर्यंत २ इंच. पुढे डिस्क, मागे ड्रम असेल तर एक इंच बोअरचा सिलिंडर चांगला चालतो.

मॉडेल ए मध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीत, म्हणजे चाकांच्या कॅलिपरपेक्षा खाली बसतो. त्यामुळे फ्लुइड उलटं वाहून येतं. पुढच्या डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखून ठेवणारा) बसवा. मात्र ड्रमसाठीच्या काही मास्टर सिलिंडरांत तो आतच असतो, तेव्हा दुसरा लावू नका. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पेडल खोल गेलं तर व्हॉल्व्ह नाही किंवा उलटा बसलाय. चालून तापल्यावर ब्रेक आपोआप धरू लागले तर पुशरॉड फार घट्ट आहे. तिथे १/१६ इंच मोकळीक द्या.

नळी ३/१६ इंची, तांबे-निकेल मिश्रधातूची. टोकं दुहेरी फ्लेअरची. प्लंबिंगचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीच नाही. हवा काढताना लांबचं चाक आधी: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

पक्कं वेल्डिंग

आता सगळं जागेवर आहे. सीटवर बसा, पेडल दाबा, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, दार लावा. बॅटरी, ड्राइव्हशाफ्ट, सायलेन्सर यांचीही जागा दिसली पाहिजे. प्रत्येक कंसाचं माप वहीत लिहा, फोटो काढा, मग उतरवा आणि वेल्ड करा. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे कंस वेल्ड करण्याआधी त्याच जाडीच्या तुकड्यांवर शिवण मारून ते शिकंज्यात धरून हातोडीने वाकवा. शिवण सुटली तर तुमचं वेल्डिंग वरवर बसतंय. तसं होत असेल तर टाके स्वतः घाला आणि पक्कं काम परवानाधारक वेल्डरकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. सस्पेन्शनचे बोल्ट ग्रेड ८ चे, म्हणजे डोक्यावर सहा रेघांचे, दोन्ही बाजूंनी कंसात धरलेले, नायलॉक नटांसह. क्रोमचे शोभेचे बोल्ट तिथे नकोत.

वायरिंग, पेट्रोल, पाणी

बारा सर्किटांचा तयार हार्नेस या गाडीला पुरतो. बहुतेक भुताटकीसारखे बिघाड अर्थिंगचे असतात, म्हणून तीन जाड अर्थ वायर वेगवेगळ्या द्या: बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी, बॉडी ते चासी, तिन्ही ठिकाणी रंग खरवडून. कार्ब्युरेटरला विजेचा पंप असेल तर तो टाकीजवळ, ५ ते ७ पीएसआयचा, आणि ऑइलचा दाब गेला की बंद पडेल अशा स्विचवर. गाडी उभी असताना तापली तर हवा कमी पडतेय, फॅनला श्राउड (भोवतीचं कवच) लावा. पळताना तापली तर पाणी किंवा रेडिएटर कमी पडतोय.

पहिला स्टार्ट आणि रंगाविना फेऱ्या

डिस्ट्रिब्युटर न बसवता, प्रायमिंग रॉड ड्रिलला लावून ऑइल पंप फिरवा. रॉकरपर्यंत तेल दिसलं की थांबा. फ्लॅट टॅपेटचा नवा कॅम असेल तर जस्तयुक्त ब्रेक-इन ऑइल घाला, आणि इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं ठेवा. मंद चालू द्यायचं नाही, कारण कॅमवर तेल क्रँकच्या फटकाऱ्याने उडून येतं आणि मंद गतीत ते अपुरं पडतं. म्हणून इग्निशन टायमिंग, पाणी, पेट्रोल सगळं आधीच पक्कं असू द्या. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२.

पहिली फेरी घरासमोर, ताशी १५ किलोमीटरने, फक्त ब्रेकसाठी. मग वीस किलोमीटर आणि प्रत्येक नट पुन्हा टॉर्क रेंचने. आवळलेल्या नटावर पिवळ्या मार्करची रेघ ओढली की तो सरकला का हे नुसतं बघून कळतं. पुढची चाकं एखाद्या खड्ड्यानंतर जोरात फडफडू लागली तर वेग हळूहळू उतरवा. नंतर किंगपिनची ढिलाई, टाय रॉडचे टोक, व्हील बेअरिंग, टो-इन आणि कॅस्टर याच क्रमाने तपासा. स्टिअरिंग डॅम्पर लावून फडफड थांबते, पण झिजलेला किंगपिन तसाच राहतो.

उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्रायमरचा एक हात मारून ५०० मैल तरी चालवा. साधा प्रायमर पाणी शोषतो, एपॉक्सी नाही. या काळात कुठे घासतंय, कुठे गळतंय, कोणता कंस तडकतोय हे सगळं वर येतं, आणि ते दुरुस्त करताना रंगाची भीती नसते. मग गाडी पूर्ण खोला, पुट्टी एपॉक्सीवरच घाला, हाय-बिल्ड प्रायमरवर लांब ब्लॉकने १८०, ३२०, ६०० अशा कागदांनी घासा. दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असतं. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क भाड्याने आणा किंवा तेवढं काम रंगाच्या बूथमध्ये द्या. जोडणी करताना चासीच्या रंगलेल्या पृष्ठभागावरचे अर्थ वायरचे तीन बिंदू पुन्हा खरवडायला विसरू नका.